जांघेतली कळ

३ फेब्रुवारी

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

नवं काम लागलंय. बसायचं! चित्रकलेच्या शाळेत स्टुलावर बसतो आणि वीसेक मुलं मला रंगवतात. जेवतानाही घरभर पळणारा मी, हसा खुशाल.

पण बसून बसून उजव्या जांघेत कळ येते. आधी कळ, मग मुंग्या, मग काहीच नाही. ते काहीच नाही बरं वाटतं. मामी गेल्यापासून आतही तसंच आहे. समोरच्या खिडकीत एक मांजर येतं, ते... असो. अजून दहा दिवस आहेत. एक काम तरी पुरं करावं म्हणतो. तुम्ही तीस वर्षं बस चालवताय, उपाय ठाऊक असेल. आईला सांगू नका, कुठं दुखतंय ते खोदून विचारेल.

बूड टेकलेल्या भाच्यावर माया असू द्या.

७ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

स्टूल ठेंगणं असणार. गुडघे कमरेच्या वर गेले की जांघ आवळते. उंच घे. अर्ध्या तासानं ऊठ, चार पावलं चाल, एक पाय मागे टाकून कंबर पुढे रेट. पट्टा सैल कर. एवढ्यानं उतरेल.

मात्र खोकताना फुगवटा आला आणि आडवं पडल्यावर आत गेला, तर ते बसण्याचं दुखणं नव्हे. संध्याकाळी तो लिंबाएवढा होतो, तळव्यानं दाबून जिना चढावा लागतो. तसं असेल तर डॉक्टरला दाखव, लाजू नकोस.

मी ठीक. घर शांत असतं.

मामाचा जीव आहेच तुझ्यावर, पत्र तेवढं टाकत जा.

११ फेब्रुवारी

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

उंच स्टूल घेतलं, मधेमधे उठतो. कळ गेली.

मला फुगवटा नाही. मी त्याबद्दल लिहिलंही नव्हतं. लिंबाएवढा, तळवा, जिना... पत्र तीनदा वाचलं. कुणा प्रवाशानं सांगितलं म्हणाल, तर पटणार नाही. मामी असती तर कान धरून नेलं असतं तुम्हाला. वाचताना काही वाटलं नाही, नुसते हात गार पडले.

चित्रकलेच्या बाईंना सांगितलं, मी निघतो. त्या म्हणाल्या, फक्त हात रंगवायचे राहिलेत. म्हटलं, अंदाजानं रंगवा.

गुरुवारी सकाळी पोचतो. त्या दिवशी बस दुसऱ्याला द्या, आपण दवाखान्यात जाऊ.

रागावलात तरी लोभ ठेवा, आणि दार उघडायला धावत येऊ नका.