वरचे दोन मंडे

बोऊ, तुमच्या पांजीने माझी पार वाट लावली आहे. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली, तरी कटकहून दरवर्षी ती येतेच, आणि मीही मुकाट्याने फ्रिजच्या बाजूला आमच्या मराठी कॅलेंडरशेजारी तिला खिळ्यावर टांगते. एकाच भिंतीवर दोन पंचांगं आणि दोघांचं एकमेकांशी पटत नाही. तुमचा महिना पौर्णिमेला संपतो, आमचा अमावास्येला. म्हणजे तुमचा श्रावण आमच्या आधी पंधरा दिवस येऊन बसतो, आणि तुमचा संपला म्हणून हुश्श करावं तर आमचा अर्धा शिल्लक असतो. कार्तिक तर तुमच्याकडे आख्खा महिना बिनमाशाचा. मी मालाडची, मूळची कोकणातली, बांगड्याच्या वासावर वाढलेली मुलगी. लग्नाआधी कोणी नीट समजावून सांगितलं असतं की ओडिया घरात जातेयस, सासूला बोऊ म्हणायचंय, मासे मिळतील पण पांजी बघून, तर मी चार दिवस विचार केला असता.

पण कळस मार्गशीर्षाचा. आमच्याकडे मार्गशीर्षातले गुरुवार चार, फार तर पाच. तुमच्याकडेही तेवढेच, पण पंधरा दिवस आधी सुरू. दोन्ही घरांचं राखायचं म्हणून मी दरवर्षी सहा गुरुवार धरले. सहा बुधवारी घर धुतलं, सहा पहाटे दारापासून देवापर्यंत तांदळाच्या पिठाची लक्ष्मीची पावलं काढली, आणि सहाही वेळा सोसायटीच्या झाडूवालीने दाराबाहेरची पावलं आठ वाजायच्या आत पुसली. तुम्ही म्हणायचात, लक्ष्मी तोवर आत आलेली असते. मला नोकरीवर जायचं असायचं आणि तुम्ही पाटावर बसून लक्ष्मी म्हणून मांडलेलं धानाचं माप सारखं करत असायचात. ते धानसुद्धा माझ्या बाबांनी गावाहून आणलेलं, हे मात्र तुम्ही कोणाला सांगितलं नाहीत.

पहिल्या वर्षीचा तो गुरुवार आठवतो? दोन्ही मार्गशीर्ष एकत्र आलेला. मी माझ्या माहेरच्या रीतीने संध्याकाळी मजल्यावरच्या बायकांना हळदीकुंकवाला बोलावलं आणि प्रत्येकीच्या हातावर तुमचा मंडा ठेवला. तुमचा मंडा म्हणजे आमचा उकडीचा मोदकच, फक्त कळ्या न पाडलेला. मी आपल्या हौसेने कळ्याही पाडल्या होत्या. तुम्ही देवळातून आलात, रिकामं ताट पाहिलंत आणि चपला न काढताच परत बाहेर गेलात. मी दारात उभी, आणि तुम्ही एकेकीची बेल वाजवून प्रसाद परत मागताय. धरणीने पोटात घ्यावं असं झालं मला. परत येऊन तुम्ही तुमच्या त्या मोडक्या हिंदीमराठीत एवढंच म्हणालात, "ही लक्ष्मी घरची आहे. तिचा परसाद उंबऱ्याबाहेर जात नाही. पोरीला पण नाही." आमची लक्ष्मी अख्ख्या मजल्याला बोलवा म्हणते, तुमची एक कण बाहेर देऊ नका म्हणते, आणि दोघी एकच. मी कोणाचं ऐकायचं?

पोरीला पण नाही म्हणजे काय, ते पुढच्याच गुरुवारी कळलं. माझी नणंद, तुमची एकुलती एक लेक, ठाण्याच्या ऑफिसातून घाटकोपरला घरी जाताना वाटेत मुलुंडला आपल्याकडे उतरायची. घरभर नारळगुळाचा वास, गॅसवर मोदकपात्र, आणि तुम्ही तिच्यासमोर चहा आणि खारी ठेवलीत. लग्न झालेली लेक दुसऱ्या घरची. तिने खाल्लं तर लक्ष्मी तिच्यामागून निघून जाते. ती बिचारी खारी चहात बुडवून खात राहिली. माझं डोकं फिरलं. काल-परवा सून म्हणून आलेली मी चार मंडे हाणणार आणि पोटची पोर खारी खाणार? तुम्ही लोटा घेऊन बाल्कनीत तुळशीकडे गेलात तेवढ्यात मी तिच्या पर्समधला जेवणाचा रिकामा डबा काढला आणि त्यात दोन मंडे घातले. तिने माझ्याकडे बघितलं आणि डबा गपकन पर्समध्ये कोंबला. तेव्हापासून तुम्ही गेलात तोवर, एक मार्गशीर्ष चुकला नाही. तुमच्या नाकावर टिच्चून केलं मी ते. त्या मंड्यांइतकं गोड मला त्या घरात दुसरं काही लागलं नसेल, आणि मी तर ते खातही नव्हते.

आता ऐका. तुमच्या नातीचं लग्न झालं या वर्षी. अंधेरीला राहते. मी तिला लहानपणापासून सांगत आले होते की तुझं लग्न झालं की त्या नियमाला मी काडी लावणार. गेल्या गुरुवारी ती ऑफिसातून थेट आली. मी पात्राचं झाकण उघडलं, बशी घेतली, आणि हात पुढे जाईना. उन्हाळ्यात तुमच्या मुलाच्या छातीत दोन स्टेंट बसलेत, बोऊ. तो आत सोफ्यावर डुलक्या काढत होता. मला भीती वाटली. एवढी वर्षं तुमच्यावर चिडचिड केली आणि ऐन वेळी माझी अशी तंतरली. मी डब्यातून खारी काढली.

"खारी? घरभर वास सुटलाय आणि तू मला खारी देतेस?" ती आधी हसली. मग माझं तोंड बघून तिला कळलं. "बरं. म्हणजे आता मी पाहुणी," म्हणाली आणि चहा पिऊन गेली. माझ्याच्याने एक मंडा गिळवला नाही. पात्रात दोन जास्तीचे होते, कारण तुम्ही सवयच तशी लावलीत. दर गुरुवारी बजावायचात, मोजून झाले की वर दोन वळ, एखादा फुटतो. इतक्या वर्षांत तुमच्या हाताखाली एकही फुटला नाही. तुमच्या लेकीला चोरून द्यायला मी होते. माझ्या लेकीला कोण आहे? सून नाही, आणि तुमच्या मुलाला डबा कुठे असतो हेसुद्धा माहीत नाही.

ती गेल्यावर दिवा लावायला बाल्कनीत गेले. तुळस सुकलेली दिसली म्हणून लोट्याला हात घातला आणि मागे घेतला. दिवेलागणीनंतर तुळशीला पाणी घालायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत मला, एकदा चांगलं झापून. आणि मग मी तिथेच खाली बसले. तुमची लेक यायची दिवेलागणीनंतर. तुम्ही दर गुरुवारी त्याच वेळेला लोटा घेऊन बाहेर जायचात आणि आमच्याकडे पाठ करून उभ्या राहायचात. मला वाटायचं म्हातारीला झाडाचं वेड आहे.

एवढी वर्षं सांगितलं नाहीत. कमाल आहे तुमची, खरंच. एक शब्द बोलला असतात तर मी तुमच्याशी जरा बरं वागले असते ना.

उद्या पुन्हा गुरुवार आहे. लेकीला फोन केलाय, आढेवेढे घेत येते म्हणालीय. पीठ मळून ठेवलंय, वर दोन वळणार आहे. ती आली की म्हणेन, मी जरा तुळशीला पाणी घालून येते. तिचा डबा तिच्याच पर्समध्ये असतो, आणि आत्याच्या डब्याची गोष्ट तिला पाठ आहे. हा कागद पांजीत ठेवून देते, दुसरीकडे कुठे पाठवू? एक गोष्ट मात्र कबूल करते. चोरीच्या त्या पहिल्या गुरुवारी तो डबा उघडायचं धाडस व्हायला मला खूप वेळ लागला होता, बोऊ, आणि तेवढा सगळा वेळ तुम्ही थंडीत बिनशालीच्या बाहेर उभ्या होतात. मी आतून एकदाही हाक मारली नाही.