दुधी काचेच्या दोन खिडक्या

सर,

तुम्हाला पाहिलेलं माणूस आता शोधायचं तर माझ्याच वयाचे चार म्हातारे गोळा करावे लागतील, आणि त्यांतले निम्मे तुम्ही किती चिडायचात एवढंच सांगतील. चिडायचात हे खरंच. प्रयोगाच्या अंधाऱ्या खोलीत कुणी पांढरा सदरा घालून आला की त्याला दारातूनच पिटाळायचात, कारण सदऱ्यावरून परतलेला उजेड, उजेड मोजायच्या मीटरमध्ये शिरतो. सत्तरचं दशक नुकतं सुरू झालं होतं. नगरसारख्या गावात नजरेवर प्रयोग करणारा प्राध्यापक म्हणजे आम्हा पोरांना चेष्टेचाच विषय. तुमची ती लाकडी पेटी मला अजून दिसते. तिला दुधी काचेच्या दोन खिडक्या, आत दोन बल्ब, आणि नाटकातल्या दिव्यांना लावतात तसले रंगीत कागद, एकीला लाल, दुसरीला हिरवा. तुम्ही कागदांची अदलाबदल करायचात आणि समोरच्यानं लाल कुठली ते सांगायचं. माणूस रंगच ओळखतो की नुसता उजेडाचा कमीजास्तपणा, हे तुम्हाला शोधायचं होतं. म्हणून दोन्ही खिडक्यांचा उजेड सारखा हवा. बल्ब तापू द्यायचे, मीटरचा काटा थांबू द्यायचा, उजेड जुळवायचा आणि पुन्हा मोजायचं. आमचा जीव कंटाळून जायचा.

मी तुमच्याकडे आलो तो रेल्वेत इंजिनावरच्या नोकरीसाठी झालेल्या डोळ्यांच्या तपासणीत नापास होऊन. लाल आणि हिरवा मला वेगळे दिसत नाहीत, हे तिथल्या डॉक्टरनं दोन वाक्यांत सांगितलं होतं. नेवाशाजवळच्या आमच्या वस्तीवर मात्र 'नोकरी लागल्यात जमा' अशी बोलणी कधीच होऊन गेली होती. तुम्ही मला पेटीसमोर बसवलंत. सकाळी माझी उत्तरं निम्मी चुकली. जेवणानंतर पुन्हा बसलो, आणि काय झालं कोण जाणे, सगळी बरोबर यायला लागली. लाल, हिरवी, हिरवी, लाल. मला तर डोळ्यांवरचं झाकण कुणी काढल्यासारखं वाटलं. मी तुमच्या तोंडून काही निघायची वाटच पाहिली नाही. संध्याकाळच्या एसटीनं घरी निरोप धाडला, की डोळे बरे झाले.

माझे वडील, आबा, ऐकून थांबणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी शनिवारी शिंगणापूरला जाऊन शनिदेवाला तेल वाहिलं आणि तिथून तडक नगरला आले, पेढ्यांचा पुडा घेऊन. मी त्यांना तुमच्या खोलीत आणलं. आबा हात जोडून म्हणाले, "सर, तुमी पोराचे डोळे बरे केले. लई उपकार झाले. आता तेवढं रेल्वेवाल्यांना कागदावर लिहून द्या."

तुम्ही पुडा हातात घेतलात, टेबलावर ठेवलात, आणि त्यांना बसायला स्वतःची खुर्ची दिलीत. "आबा, चूक माझी आहे," तुम्ही म्हणालात. "त्या दुपारी माझं मोजायचं राहिलं." मग तुम्ही सावकाश समजावलंत, की दुपारी विजेचा दाब उतरला की बल्ब मंद होतात, आणि तांबूस झालेल्या उजेडात हिरवी खिडकी लालपेक्षा जास्त काळवंडते. पोरानं रंग ओळखला नाही, अंधुक खिडकी ओळखली. आबांना पटेना. तेव्हा तुम्ही आम्हा दोघांना पेटीसमोर बसवलंत, उजेड जुळवलात, मोजलात. आबा लगेच म्हणाले, "ही लाल, ती हिरवी. त्यात काय अवघड हाय?" माझ्यासमोर दोन सारख्याच मातकट खिडक्या होत्या. मी डोळे ताणून एकीकडून दुसरीकडे पाहत राहिलो. आबांनी माझ्याकडे वळून पाहिलं. "तुला न्हाई दिसत? खरंच न्हाई?" आणि मग, हलक्या आवाजात: "म्हंजी मिरच्या तोडताना तू हिरव्याबी तोडायचा, ते कामचुकारपना नव्हता. आन् मी तुला झोडपलं, रं." त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. आबांनी असा हात त्याआधी कधी ठेवल्याचं मला आठवत नाही.

मी मात्र तुमच्यावर जळफळत होतो. बाहेर आल्यावर तुम्हाला म्हणालोही, "सर, लिहून दिलं असतं तर तुमचं काय गेलं असतं?" तुम्ही असे कडाडलात की व्हरांड्यातली पोरं थबकली. "इंजिनामागे डबे असतात, गाढवा, आणि डब्यांत माणसं!" दुसऱ्या दिवशी मला बोलावून तेच मीटर माझ्यापुढे सरकवलंत. "काट्यालाही रंग दिसत नाही. तुमचं दोघांचं जमेल." त्या मीटरवर मी मोजायला शिकलो, त्यावर नागापूरला कारखान्यात नोकरी मिळाली, आणि पुढे उभा जन्म मी दिव्यांचे, टीव्हीचे, संगणकाच्या पडद्यांचे रंग आणि उजेड मोजत काढला. मला न दिसणारे रंग दुरुस्त करून दिल्याचा पगार घेतला! संसार झाला, पोरं शिकली. सर, हे सगळं तुमचं आहे. तुम्ही होतात तोवर हे बोलायला माझी जीभ रेटली नाही, म्हणून आता लिहितोय.

आणि आजच लिहायचं कारण माझा नातू. मुलीचा मुलगा आहे. हा दोष मुलीकडून नातवाकडे उतरतो, हेही तुम्हीच शिकवलेलं. त्याला बोटीवर नोकरी हवीय, आणि मागच्या आठवड्यात तो रंगांच्या तपासणीत अडकला. काल त्यानं घरच्या संगणकावर तसलीच चाचणी दिली. सगळी उत्तरं बरोबर. नाचत माझ्याकडे आला, "आजोबा, त्यांचंच चुकलं! तुमचं ते यंत्र लावून बघा ना, म्हणजे त्यांना तोंडावर दाखवता येईल." यंत्र आता तळहातावर मावतं. पडद्यावर टेकवायचं, वायर संगणकाला जोडायची, की काम झालं. त्याच्या पडद्यावरची चाचणी मलाही सुटत होती, म्हणजे तिथेही उजेड जुळलेला नव्हता; यंत्र लावून काय निघणार ते मला नुसतं पाहूनच कळलं होतं. आबांच्या हातातून तो पुडा घेताना तुम्हाला काय वाटलं असेल, हे मला काल समजलं. इतकी वर्षं मला वाटायचं, तुम्हाला ते सोपं गेलं.

हे पत्र कुठे टाकायचं, तुमचा पत्ताच नाही. खरं तेवढं सांगतो. मी पोराला म्हणालो, यंत्राची बॅटरी संपलीय. सर, त्या यंत्राला बॅटरी लागतच नाही.