सॉनातला तिसरा नंबर

शनिवार, ८ नोव्हेंबर

थकले! बेकरीतून सुटले तेव्हा पायांचे तुकडे पडले होते. बाविसाव्या वर्षी बावन्नची दिसते मी. तरी आई-बाबांकडे तळ्यावर जायचंच होतं. शनिवारचा सॉना, लाकडी खोलीत उघड्याने बसून घ्यायची ती वाफ, चुकवला की आई डॉक्टरचं नाव काढते.

सेल्मा बरोबर होती. सेल्मा म्हणून पहिल्यांदाच! तीन वर्षं ती ह्याच घरी यायची ती माझा प्रियकर म्हणून, मुलाच्या नावाने. ते नाव आता इथेही लिहायचं नाही. बाबा दारातच म्हणाले, "सेल्मा, लाकडं फोडायला विसरली नाहीस ना?" ती हसली. मला हायसं वाटलं.

मग आईने टॉवेल वाटले. "आधी मी नि तू, केर्तू. मग बाबा. सेल्मा, तुझा नंबर तिसरा. एकटीच निवांत बस हं, कुणाला अवघडायला नको."

आजवर आम्ही दोघं जोडीने जायचो. आई चांगुलपणानेच बोलली — तिला वाटलं, आता आमचं संपलंच असणार. सेल्माने माझ्याकडे पाहिलं. मी टॉवेलाची घडी घालत बसले.

"राहू दे, मार्केत्ता," ती आईला म्हणाली, "सर्दी झालीय मला." आणि बस पकडून गेली.

रविवार, ९

मी फोन केला नाही. तिनेही नाही.

बुधवार, १२

बेकरीतली पिर्यो राय धान्याचे काळे पाव भट्टीत सरकवता सरकवता म्हणाली, "काय गं, तोंड का आंबलंय?" सांगितलं सगळं. "मग आवडते की नाही ती तुला? एवढंच सांग ना!"

म्हणे एवढंच! सेल्माचे गाल बदललेत, कपडे, चालणं. हसण्याआधी नाक ओढायची घाणेरडी खोड तीच आहे. माझ्या ताटातली पावाची कड पळवणंही तेच. हे राहिलं, ते गेलं — रोज हाच हिशोब. वीट आलाय मला माझाच.

शुक्रवार, १४

आवडते. आवडते! भट्टीतून पहिला पाव निघाला. गरम कड मोडून कागदात बांधली तिच्यासाठी, आणि बांधून झाल्यावर कळलं.

शनिवार, १५

आईला सांगून टाकलं. "आमचं संपलेलं नाही. आम्ही दोघी बरोबर जाणार सॉनात."

"अगं मग त्या दिवशी का नाही बोललीस? पोरीला एकटीला बसवायला निघाले होते मी!" रडलीच ती.

बाबा सॉसेज भाजत होते. "बोलाव तिला," म्हणाले, "जास्तीची आणलीयत."

सेल्माला कळवलं — उद्या येते तुझ्याकडे.

रविवार, १६

तिने कॉफी दिली. माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "केर्तू, आठवडाभर तू ठरवत होतीस, मी तीच आहे का. मी तीच आहे गं. पण त्या संध्याकाळी जी माझ्यासमोर टॉवेलाची घडी घालत बसली होती ना, तिला मात्र मी ओळखलं नाही."

कॉफी संपेपर्यंत बसले. निघताना ती थांब म्हणाली नाही.