घरातूनच केलेली तपासणी

दादा,

आज अकराला नेट गेलं. ऐकू न येणाऱ्या एका बाईच्या खुणांचा अर्थ मी घरून व्हिडिओ कॉलवर डॉक्टरांना सांगत होते. पोटातल्या बाळाचे ठोके का लागत नाहीत, असं ती विचारत होती. तिचे हात स्क्रीनवर तसेच थिजले.

नेटच्या कंपनीला फोन केला, तर म्हणाले, "तुमच्या घरातला डीएनएस सर्व्हर, म्हणजे वेबसाइटचे पत्ते शोधून देणारा, बाहेरच्या कुणालाही उत्तरं देतोय. त्याच्या आडून लोक दुसऱ्यांवर हल्ले करतायत, म्हणून लाइन तोडली."

जाहिराती अडवायला तूच बसवलास ना तो? बाहेरच्यांना तो उघडा नाही ना, असं मी तेव्हाच विचारलं होतं, तर म्हणालास, "तपासलंय मी, तुला काय कळतं?" तपासलंस कुठून, तर घरच्याच वायफायवरून! बाहेरच्यांना तो उघडा आहे का, ते घरात बसून कसं कळणार?

बाहेरून त्याच्यापर्यंत येणारी वाट, राउटरमधला त्याचा पोर्ट, मी बंद केलाय. लाइन आल्यावर मोबाइलच्या नेटवरून तपासलं, आता बाहेर उत्तर जात नाही. परत हात लावलास तर बघ.

डॉक्टरांनी शेवटी तिला कागदावर लिहून दाखवलं म्हणे. असली बातमी तिला एकटीला वाचावी लागली. मी तिच्याकडे हॉस्पिटलात चाललेय. मी परत आल्यावर मला काहीही समजावायला येऊ नकोस.