कमानीतली डाव्या हाताची सही

सलायना, कॅन्सस
९ एप्रिल १९९०

ती. एल्डामावशीस,
मारलिसचा सा. न. वि. वि.

तू पाठवलेला लोण्याचा केक पोचला. वाटेत त्याचा पार चुरा झाला होता, पण तुझ्या जावयानं, ड्वेननं, तो चमच्यानं खाल्ला आणि सेंट लुईसला असाच करतात का म्हणून विचारलं. मी हो म्हणून टाकलं. तुझ्या हाताला नावं ठेवायची कुणाची छाती आहे?

मुलं ठीक. गेल्या उन्हाळ्यात त्यांना रशमोरच्या डोंगरावर कोरलेले अध्यक्षांचे चार चेहरे दाखवायला नेलं होतं, ते तुला लिहिलंच होतं. वाटभर मी घसा कोरडा करून इतिहास सांगितला आणि पोचल्यावर धाकट्या कर्टनं एकच विचारलं, की यांची नाकं कोण साफ करतं. तेव्हाच मी हात टेकले. पोरांना स्मारकं दाखवावीत ती तूच. निवृत्त झालीस तरी दर मंगळवारी शाळांची पोरं घेऊन कमानीखाली उभी राहतेस, म्हणजे तुझी जीभ अजून शाबूत आहे.

आता कामाचं. टेसाच्या वर्गात मे अखेरीस प्रत्येक मुलानं देशातल्या एका स्मारकावर बोलायचं आहे. कुणी स्वातंत्र्यदेवीचा पुतळा घेतलाय, कुणी फिलाडेल्फियाची तडा गेलेली घंटा. आमच्या टेसाबाईंनी सेंट लुईसची कमान घेतली. का, ते सांगते. ती माझ्यासारखीच डावखुरी. लिहिताना हात ओल्या शाईवरून जातो आणि पानभर फराटे उठतात. वर्गातली पोरं तिच्या वहीला कोळशाची खाण म्हणतात. जानेवारीत तिनं वहीची अर्धी पानं फाडली आणि मी पुन्हा लिहिणारच नाही म्हणून बसली.

मग मी तिला आपली गोष्ट सांगितली. आई इस्पितळात होती म्हणून मी वर्षभर तुझ्याकडे राहिले, तुझ्याच वर्गात बसले. कमानीच्या माथ्यावरचा शेवटचा तुकडा बसवायच्या आधी त्यात गावोगावच्या शाळकरी मुलांच्या सह्यांची पेटी ठेवणार होते. आपल्या वर्गाच्या कागदावर सगळ्यात शेवटी मी सही केली, तीही चुकून डाव्या हातानं, आणि शाई फासली. तू रागावलीस, पण कागद होता तसा पाठवलास. म्हणून तुझ्या आईचं फासलेलं नाव सहाशे फूट उंचीवर पोलादात बंद आहे, असं मी तिला म्हटलं. दुसऱ्या दिवशी पोरगी नवी वही घेऊन बसली.

जूनमध्ये आम्ही येतोय. कमानीखाली उभी राहून ही गोष्ट तूच तिला सांगायचीस. येतो म्हटलं की तू सबबी सांगतेस, त्या या वेळी चालणार नाहीत.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारी,
मारलिस

*

सेंट लुईस
२० एप्रिल १९९०

चि. मारलिस हिला अ. उ. आ.

पत्र वाचून बरं वाटलं. माझा गुडघा हवा बदलली की कुरकुरतो, बाकी ठीक. शेजारचे श्री. ओट्टो रेडिओवर बेसबॉल इतका मोठ्यानं लावतात, की कोण हरतंय ते मला माझ्या न्हाणीघरात कळतं.

जूनचं म्हणशील तर नीट विचार कर. फार गर्दी असते. वर नेणारे ते डबे अंड्याएवढे, एकात पाच जण कोंबतात. कर्टचा जीव घाबरेल. वर खिडक्यासुद्धा हातभरच. त्यापेक्षा मुलांना स्प्रिंगफील्डला लिंकनचं घर दाखवा. मेरामेकच्या गुहाही छान गार असतात. मीही तिथे येऊ शकेन.

टेसाला म्हणावं, हाताखाली टीपकागद धर. आणि भाषणासाठी ती लिंकनचं घर घेईल का, ते विचार. त्या सह्यांच्या गोष्टीत मुलांना काय एवढं?

सर्वांना गोड पापे. उलट टपाली खुशाली कळव.

तुझी,
एल्डामावशी

*

सलायना
६ मे १९९०

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

गुहा काय, गुडघा काय! जन्मभर ज्या कमानीचं कौतुक सांगितलंस, ती आता पोरांना दाखवायची तर तुला गर्दी आठवते होय? ड्वेन म्हणाला, की मावशीचा कुणी म्हातारा मित्र असेल आणि तो आपल्याला दिसू नये म्हणून ही धडपड चालली असेल. तसं असेल तर त्यालाही घेऊन ये.

टेसानं वर्गात सांगूनसुद्धा टाकलंय. तिच्या बाईंना गोष्ट इतकी आवडली, की तू स्वतः चार ओळी लिहून पाठवल्यास तर त्या वर्गात वाचून दाखवणार आहेत.

मावशी, एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. त्या दिवशी सगळ्या वर्गासमोर तू म्हणालीस, की तुझ्यामुळे आमच्या शाळेची लाज आभाळाला टांगली जाणार. मी दहा वर्षांची होते. आई तिकडे आजारी, इथे तू अशी. मला वाटलं, आपण कुणालाच नको आहोत. दोन दिवस मी जेवले नाही. सोमवारी तुला विचारलं, कागद गेला का? तू म्हणालीस, गेला, जसा होता तसाच. ऑक्टोबरमध्ये शेवटचा तुकडा बसवताना उन्हानं पोलाद फुगू नये म्हणून एका पायावर बंबाचं पाणी मारत होते, आठवतं? आपण दोघी नदीकाठी उभ्या होतो. तुकडा बसला तेव्हा मी तुझा हात धरला. त्या क्षणी मी तुला माफ केलं होतं. आपल्या खराब अक्षरासकट आपल्याला कुणीतरी वर पाठवलं, एवढ्यावर मी पुढची सगळी वर्षं काढली असं म्हटलं तरी चालेल.

तेव्हा त्या चार ओळी लवकर पाठव. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
मारलिस

*

सेंट लुईस
१४ मे १९९०

चि. मारलिस हिला आशीर्वाद. ते द्यायचा अधिकार मला आहे की नाही, हे पत्र संपल्यावर तू ठरव.

तुमचा कागद वर नाही. तो मी पाठवलाच नाही. सोबतच्या पाकिटात तो आहे.

सुचेल तसं सांगते. त्या वेळी सगळीकडे बॉलपेन आलं होतं. पण आमच्या वर्गाची सही शाईच्या पेनानंच होणार, हा माझा हट्ट. माझ्या वर्गाचं अक्षर सगळ्या शाळांत पहिलं, अशी माझी ख्याती होती आणि तिनं माझं डोकं फिरलं होतं. तुझा हात मी महिनोन्महिने उजवीकडे वळवत होते. त्या शुक्रवारी आनंदाच्या भरात तू डाव्या हातात पेन घेतलंस. पानावर काळं पसरताना मला दिसलं आणि तोंडातून ते वाक्य गेलं. टीपकागद माझ्याच टेबलावर पडला होता. हात लांब केला असता तरी पुरलं असतं.

सोमवारी नवा कागद मागून पुन्हा सह्या घ्यायच्या, असं मी ठरवलं. सोमवारी जास्तीचा कागद कुणाकडे नव्हता आणि दुपारी सह्या न्यायला माणूस येणार होता. तो आला तेव्हा मी वर्गातून बाहेरच गेले नाही. मुख्याध्यापकांना सांगितलं, की मी परस्पर दिला. कुणीही तपासलं नाही. माझ्या शब्दावर कुणी शंका घेत नसे.

तू विचारलंस तेव्हा खोटं बोलले. तुझं पोट दोन दिवस उपाशी होतं म्हणून बोलले, असं मी स्वतःला सांगत आले. ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं असं, की तो काळा कागद माझ्या नावानं वर जायला मला नको होता. बत्तीस मुलांपेक्षा मला माझं नाव मोठं वाटलं. नदीकाठी तू माझा हात धरलास तेव्हा मला तो सोडवून घ्यावासा वाटला होता.

पंचवीस वर्षं मी परक्या पोरांना कमानीखाली उभं करून वर बोट दाखवते. समोरच्या जुन्या कोर्टाच्या पायऱ्यांवर त्यांना सांगते, की एका गुलाम नवराबायकोनं सुटकेसाठी इथे दावा लावला आणि शेवटी वरच्या कोर्टानं त्यांना माणूस म्हणून मोजलंच नाही. झालं ते झालं तसं सांगायचं, त्याला इतिहास म्हणतात, असंही वर शिकवते. मग मान वर करून सह्यांची गोष्ट सांगते. त्या वेळी माझी मान कशी वर राहते, तेच मला कळत नाही.

तुमच्या वर्गातला एक मुलगा मध्यंतरी बाजारात भेटला. आता त्याला टक्कल पडलंय. मुलीला म्हणाला, ह्याच त्या बाई, ज्यांनी माझं नाव वर पाठवलं. मी हसून त्या पोरीच्या गालाला हात लावला. मला माझीच किळस आली.

पाकीट मी त्या शुक्रवारी बंद केलं, ते परत उघडलं नाही. उघडवलं नाही. टेसाच्या बाईंना मी चार ओळी लिहू शकत नाही. तुला जे योग्य वाटेल ते पोरीला सांग.

तुझी माया मागायला तोंड नाही.

एल्डामावशी

*

सेंट लुईस
१२ जून १९९०

चि. मारलिस हिला आशीर्वाद.

उत्तर नाही. मी त्याची वाट बघू नये, हे कळतं, तरी टपालवाल्याची चाहूल लागली की दाराशी जाते.

गेल्या मंगळवारी पाचवीची मुलं होती. त्यांना सांगितलं, की वर पुष्कळ मुलांची नावं आहेत, पण माझ्या वर्गाची नाहीत आणि तो दोष माझा आहे. सोबतच्या मास्तरांनी घड्याळाकडे बघितलं. एका मुलीनं विचारलं, मग आता नेऊन ठेवता येणार नाहीत का? मी म्हटलं, नाही, ते कायमचं सांधलंय. ती म्हणाली, अरेरे. तेवढंच म्हणाली आणि मैत्रिणीकडे पळाली. मी पायरीवर बसून राहिले.

अंगणातल्या गुलाबांना यंदा कीड नाही. तुला ते आवडायचे म्हणून कळवलं.

एल्डामावशी

*

सलायना
२ जुलै १९९०

ती. मावशीस,
सा. न.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी गाडीत बसून रडले. घरात मुलं होती. पाकिटाला हात लावायची हिंमत झाली नाही, म्हणून ते मेजावर तसंच ठेवलं. नाव वर नाही याचं मला तितकं वाटलं नाही. त्या एका वाक्यावर मी जे बांधत आले, त्याच्याखाली काहीच नव्हतं, याचं वाटलं. ड्वेन म्हणाला, बाई म्हातारी आहे, सोडून दे. मी त्याच्यावरही चिडले. माफ केलं असं आज लिहिणार नाही. एकदा केलं होतं, ते फुकट गेलं.

टेसाला सगळं सांगितलं. पाकीट तिनंच उघडलं आणि भाषणाच्या दिवशी वर्गात नेलं. सोबत तिचं पत्र आहे. मी त्यात एक अक्षर बदललेलं नाही. ते वाचताना खुर्चीत बस.

ऑक्टोबरच्या अठ्ठावीस तारखेला कमानीला पंचवीस वर्षं होतात. रविवार आहे. आम्ही येऊ.

मारलिस

*

ती. मावशीआजीस,
सा. न. वि. वि. (हे कसं लिहायचं ते आईनं सांगितलं.)

मी हे पत्र डाव्या हातानं शाईच्या पेनानं लिहिते आहे. जिथे फासलंय तिथे परत लिहिलेलं नाही.

माझं भाषण झालं. मी कमानीची उंची सांगितली आणि पाणी मारलं होतं तेही सांगितलं. मग तुझा कागद दाखवला. बाईंनी विचारलं, मग ही नावं वर का गेली नाहीत? मी म्हटलं, आमच्या मावशीआजीला वाटलं, ती खराब झाली. मग सगळ्यांनी कागद हातात घेऊन बघितला. माझ्या वहीला कोळशाची खाण म्हणणाऱ्या मुलानंही बघितला.

मावशीआजी, तू लिहिलंस की पान काळं झालं होतं. मी ते खिडकीत धरून बघितलं. काळं कुठे आहे? आईची सही सगळ्यात खाली आहे. तिच्यावर एक निळा फराटा आहे आणि वरच्या दोन नावांवर थोडासा. बस्स. कर्टला अजून नीट वाचता येत नाही, तरी त्यालासुद्धा ती दोन वाचता आली.

मी मोजली. बत्तीस आहेत. सगळी वाचता येतात.

आम्ही येताना कागद घेऊन येऊ. तू चष्मा तयार ठेव.

तुझी आवडती होणार असलेली,
टेसा