लोखंडाची परंपरा

कार्तिक शुद्ध प्रतिपदा, पाडवा

आली. दारात उभी आहे! नातीने, उत्कर्षेने, मोटारसायकल घेतली. तीही साधी नव्हे, 'ॲडव्हेंचर' जातीची. पुढे गरुडासारखी चोच, दोन्ही बाजूंना पत्र्याच्या पेट्या, बैठक माझ्या कमरेहून उंच. ना धड थोर, ना धड लहान. "मधल्या वजनाची आहे, आबा. डोंगरातही चालते, हायवेलाही." सोलापुरात डोंगर कोठे आहे, ते मात्र सांगितले नाही.

पूजा मजकडूनच करविली. चाकांखाली लिंबे ठेवावी लागली. श्रुतिस्मृतींत लिंबांचा उल्लेख मला तरी आढळलेला नाही; शोरूमच्या शास्त्रात असावा. सुबोध — माझा मुलगा, तिचा बाप — मोबाइलवर छायाचित्रे काढीत होता. "बाबा, जरा हसा की!"

हसलो नाही.

कार्तिक शुद्ध पंचमी

त्या कंपनीचे चकचकीत पुस्तक आज दृष्टीस पडले. पहिल्याच पानावर 'हेरिटेज'! परदेशात एक कारखाना निघाला, महायुद्धात सैनिकांना गाड्या पुरविल्या, पुढे तोही बंद पडला — ही परंपरा! जेमतेम शंभर-सव्वाशे वर्षांची. आमच्याकडे एवढ्या काळाला 'परवा' म्हणतात.

परंपरा मुखातून कर्णात जाते, खंड न पडता. ऋचेचे शब्द पुढेमागे गुंफून म्हणण्याची रीत, म्हणजे घनपाठ, आमच्या घराण्यात आजोबांकडून वडिलांकडे आणि वडिलांकडून मजकडे आली. सुबोध बँकेत गेला. नातू अनीश वेदपाठाची थोडीशी संथा घेऊन जर्मनीस गेला.

यापुढचे वाक्य लिहवत नाही.

कार्तिक वद्य षष्ठी

प्रातःकाळी घन म्हणताना अडखळलो. पोथी उघडली, तेव्हा कळले की ती ऋचा मी चुकीचीच म्हणत आलो आहे. कधीपासून? आणखी किती ठिकाणी? पोथी विचारले तर सांगते. आपणहून टोकत नाही.

देवघराबाहेर इंद्रायणी — सूनबाई — चहा गाळीत होती, सुबोध वर्तमानपत्र वाचीत होता. कोणी मानही वर केली नाही. चूक ऐकू येईल असा कानच या घरात उरलेला नाही! घनपाठ एकट्याने म्हणता येतो. एकट्याने राखता येत नाही.

कार्तिक वद्य सप्तमी

उत्कर्षा म्हणाली, "मला शिकवा की, आबा."

आमच्या घरात मुलींना संथा दिली जात नाही, हे सांगितले. क्लच दाबणाऱ्या हाताने स्वर दाखविणार!

"मग घरात दुसरं आहे कोण?"

उद्धट.

कार्तिक वद्य द्वादशी

मंगळवेढ्यास जाऊन आलो. तेथे धुंडिराजभट, माझा सहाध्यायी. गुरुगृही माझी मात्रा चुकली की मांडीवर थाप मारणारा! सर्व पाठ त्याच्यासमोर म्हणावा, तो टोकील, असा बेत. सुबोधची मोटार कामावर गेलेली. उत्कर्षा म्हणाली, "चला, मी नेते."

धोतराचा काचा मारून त्या यंत्रावर चढलो. अंबारीवाचून हत्ती! उसाच्या ट्रॅक्टरांमागून धूळ खात गेलो. पाठ दुखली नाही, हे येथेच लिहितो; इतरत्र कबूल करणार नाही.

धुंडिराज ओसरीवर ऊन खात बसला होता. मी आरंभ केला. त्याने टोकले नाही. मग मुद्दाम एक ढोबळ चूक केली, पहिल्या वर्षाच्या बटूलाही कळेल अशी. तो हसला आणि म्हणाला, "वा!"

त्याची शुश्रूषा करणारी फुलाबाई दारातून म्हणाली, "काका आता कुनालाच वळखत न्हाईत. पर तुमी म्हना की. त्यास्नी लई बरं वाटतंय."

म्हटले. शेवटपर्यंत म्हटले.

परतताना उत्कर्षेने चहासाठी गाडी थांबविली. कप हातात देत म्हणाली, "या गाडीचा परदेशातला मूळ कारखाना बंद पडला ना, तेव्हा इथल्या ज्या लोकांना नुसत्या सुट्या भागांच्या जोडणीसाठी घेतलं होतं, त्यांनीच ती पुढे चालू ठेवली."

"लोखंडाची उपमा वेदाला देतेस?"

"मी कुठे दिली? तुम्हीच लावलीत."

चहा अति गोड होता.

कार्तिक अमावास्या

धुंडिराजाचे ते "वा!" कानातून जात नाही.

मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदा

आज अनध्याय, या तिथीस वेद शिकवू नये. उत्कर्षेला एवढेच सांगितले.

"मग उद्या?"

मी ताक प्यायलो.

मार्गशीर्ष शुद्ध द्वितीया

संथेत गुरूने चरण दोनदा म्हणायचा, मग शिष्याने. स्नान करून उत्कर्षा समोर बसली. मी पहिला चरण दोनदा म्हटला. ती म्हणेना. माझ्याकडे पाहत राहिली.

"आबा, दुसऱ्यांदा वेगळं म्हणालात की."

पोथी उघडली. वेगळेच म्हटले होते!