मुकी गिटार

१४ जानेवारी २०२५, मंगळवार

खोका परत पाठवला. एकदाचं बरं झालं.

काल संध्याकाळी राजन सिविल लाइन्सहून आले ते एका हातात इलेक्ट्रिक गिटार आणि दुसऱ्या हातात तो काळा खोका – ऍम्प्लिफायर. दोन्ही बळवंतरावांचं. बँकेत ह्यांची आणि त्यांची टेबलं शेजारी. मागच्या महिन्यात बळवंतरावांचं वर्षश्राद्ध झालं आणि चारुलतेने नवऱ्याची गिटार उचलून ह्यांना दिली. ह्यांनाच का? वाजवता येतं म्हणून? मराठी मंडळात एवढी माणसं आहेत.

वायर लावली, एक तार छेडली, आणि कोणी कानातून सळई आरपार घालावी तसं झालं मला. मी एवढंच म्हटलं, "गिटार राहू दे. हा खोका घरात नको." ह्यांनी वायर गुंडाळली.

आज संक्रांत. आमच्या मानसरोवर कॉलनीत प्रत्येक गच्चीवर पतंग आणि प्रत्येक गच्चीवर भोंगा. "वो काटा!" सकाळपासून डोकं ठणकतंय. दारं लावून आतल्या खोलीत बसले. तेवढ्यात राजन तिळगूळ आणि खोका घेऊन तिच्याकडे जाऊनही आले. ती म्हणाली म्हणे, "राहू द्या इथेच, भाऊजी. तुम्ही येत जा वाजवायला."

येत जा!

१६ जानेवारी, गुरुवार

गेले. दर गुरुवारी जाणार आहेत. मेट्रोने, इस्त्रीचा शर्ट घालून. निवृत्त झाल्यापासून इस्त्री कोणाला आठवत होती?

२० जानेवारी, सोमवार

घरी रोज संध्याकाळी गिटार घेऊन बाल्कनीच्या दाराशी बसतात. खोका नाही, त्यामुळे नुसती बोटं हलतात. मी इथे सोफ्यावर, पेपर घेऊन. डावा हात गिटारच्या पडद्यांवर सरकतो, उजव्या हाताने तारा छेडल्यासारखं करतात, मान डोलावतात. आवाज शून्य. मुक्या माणसाने गाणं म्हणावं तसं.

मी सतार शिकलेली बाई आहे. सांगलीला कॉलेजच्या गॅदरिंगला वाजवली होती. रियाज काय असतो ते मला कळतं, आणि हा रियाज नाही. हा देखावा आहे. खरं वाजवायचं ते तिकडे, गुरुवारी. इकडे मला बोटं दाखवायची.

सतार सांगलीतच राहिली. बदल्यांमागे बदल्या, कुठे नाचवणार ती? तेव्हा ह्यांनी म्हटलं नव्हतं, "घेऊन चल."

आज वरण लागलं. कामवाली संतोष फरशी पुसता पुसता म्हणे, "भाभीजी, सीटियाँ तो कब की हो गईं." मग गॅस बंद करायला काय झालं होतं? म्हणे, "मैंने सोचा आप सुन रही हो." कुकरची शिट्टी बदलायला हवी. फुसकी झाली आहे.

२६ जानेवारी, रविवार

मंडळाची सहल, कानोत्याच्या धरणावर. उन्हं छान होती. दालबाटी, आणि घरून नेलेल्या गुळाच्या पोळ्या. माझ्या पोळ्या संपल्या हे लिहून ठेवते, कारण आज दुसरं काही चांगलं घडलं नाही.

जेवणं झाल्यावर चारुलता म्हणाली, "भाऊजी, गिटार आणलीय ना? मग लाजता काय?" सहलीला गिटार! मला न सांगता गाडीच्या डिकीत ठेवली होती. सगळे सतरंजीवर ह्यांच्याभोवती गोळा झाले. मी भांडी आवरत होते, पाच-सहा हातांवर. हे वाजवायला लागले. खोका नाही, वीज नाही, तीच बोटं. आणि लोक काय बघत होते कोण जाणे – पुढे वाकून, श्वास धरून. कीर्तीने तर डोळे पुसले. ही बत्तीस वर्षांची, बँकेत ऑफिसर, मंडळात सर्वात नवी. संपल्यावर टाळ्या.

टाळ्या मात्र माझ्या कानांवर कडाडल्या.

परतताना कीर्ती शेजारी बसली होती. "काकू, काका किती सुंदर वाजवतात. तुम्ही तर रोज ऐकत असाल." मी म्हटलं, "हो." काय सांगू? की माझ्या वाट्याला नुसती बोटं येतात?

चारुलता पुढच्या सीटवर ह्यांच्याशी हळू आवाजात बोलत होती. एक शब्द कळू दिला नाही दोघांनी. हल्ली सगळेच पुटपुटतात, पण ही दोघं मुद्दाम.

३० जानेवारी, गुरुवार

गेले. निळा शर्ट.

२ फेब्रुवारी, रविवार

तनयाचा अहमदाबादहून व्हिडिओ कॉल. मी स्वयंपाकघरातून फोन घेऊन बाहेर आले. राजन नेहमीच्या जागी बसले होते. फोन त्यांच्याकडे वळवून धरला. दोन मिनिटांत पोरगी ओरडायला लागली, "आई! बाबा मतलब एकदम सही वाजवतायत. हे तर मी कुठेतरी ऐकलंय. तू गुणगुणायचीस ना?"

मी म्हटलं, "मला कुठे ऐकवतात?"

"अगं, तू तिथेच तर उभी आहेस!" आणि हसली. बापलेकीचं काहीतरी ठरलेलं असावं. हे माझ्याकडे बघत राहिले, थांबले, गिटार बाजूला ठेवली. चोरी पकडल्यासारखा चेहरा.

म्हणजे मुलीला ऐकवतात, मंडळाला ऐकवतात, चारुलतेला तर दर आठवड्याला. फक्त मला नाही. तीन गल्ल्या ओलांडून कोणी मेलेल्या मित्राच्या बायकोकडे जात असेल तर लोक बोलतात. माझे हे मेट्रोने जातात, आणि लोक टाळ्या वाजवतात.

चिमण्यांना बाजरी टाकली. येतात, टिपतात. ह्या वर्षी चिवचिवाट असा नाहीच. थंडी असेल.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज मीही गेले.

चिवड्याचा डबा भरला – रिकाम्या हाताने कशी जाणार? ह्यांच्यामागून एक मेट्रो सोडून दुसरी धरली. चारुलतेचा मुलगा प्रथमेश सरकारी अधिकारी, त्याच्या बंगल्यात ती राहते. फाटकावरच्या शिपायाने "जी, पधारो" म्हणून सोडलं. व्हरांड्याची जाळी नुसती लोटलेली होती. मी आत पाऊल टाकणार, तोच दिसलं.

राजन वेताच्या खुर्चीत, मांडीवर गिटार. शेजारी मोढ्यावर, त्या बुटक्या वेताच्या स्टुलावर, चारुलता. इतकी जवळ की तिची हनुवटी ह्यांच्या गिटारवर टेकलेली. टेकलेली म्हणजे टेकलेलीच. डोळे मिटलेले. ती कानात मशीन घालते, तेही काढून टीपॉयवर ठेवलं होतं, बाई दागिने उतरवून ठेवते तसं. ह्यांची बोटं चालू होती आणि हे तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. निरखून. ती काय म्हणते याची वाट पाहत. माझ्याकडे असं शेवटचं कधी पाहिलं होतं?

आणि खोका? कोपऱ्यात. वायर मी गुंडाळायला लावली होती तशीच त्याच्यावर, धूळ बसलेली. खोक्यासाठी जातात म्हणून मनाची समजूत घालत होते. खोका कोणी लावतच नव्हतं.

तिने डोळे उघडले, मान हलवली, म्हणाली – चांगलं मोठ्याने म्हणाली, म्हणून मला कळलं – "आता येतंय, भाऊजी. स्वच्छ येतंय."

मी डबा व्हरांड्यातल्या टेबलावर ठेवला आणि फिरले. स्टेशनवर आल्यावर आठवलं, डब्यावर नाव कोरलेलं आहे. सौ. जयंती राजन. लग्नातला डबा. कळू दे.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

डबा राजनच घेऊन आले काल. धुऊन, पुसून. ओट्यावर ठेवला आणि उभे राहिले. मीच म्हटलं, "रविवारी रात्रीच्या गाडीने तनयाकडे जाते आहे. परत कधी येईन ते सांगत नाही."

"जयंती, तू समजतेस तसं नाही."

"मी पाहिलं ते मी पाहिलं."

पुढे काहीतरी बोलले, पाठ फिरवून, खिडकीकडे तोंड करून. मी विचारलं, "काय?" तर वळून बघतच राहिले. "काही नाही. रविवारी गाडी रात्रीची आहे ना? संध्याकाळी मला जरा वेळ दे." वेळ! गुरुवार काय कमी पडले?

चारुलतेचे फोन येत राहिले. घेतले नाहीत.

८ फेब्रुवारी, शनिवार

बॅग भरली. दोन स्वेटर, औषधं. ही वही वर ठेवली.

ह्यांनी गिटारला हात लावला नाही. दाराशी नुसते बसले होते. खरं सांगायचं तर वाजवत असतानाही घर एवढंच शांत असायचं.

९ फेब्रुवारी, रविवार

संध्याकाळी राजननी माझ्यासमोर खुर्ची ओढली. गिटार मांडीवर. "हनुवटी टेकव इथे. एकदाच. मग स्टेशनवर मीच सोडतो."

तिची जिथे टेकली होती तिथे? नको म्हणणार होते. त्यांनी गिटार पुढे केली. टेकवली.

आवाज जबड्यातून आला. दातांतून, कवटीतून. भरलेला, गोल, कुठेही न टोचणारा. यमन. माझी गत! मला पाहायला आले होते तेव्हा सांगलीच्या घरी मी वाजवली होती ती. दुसऱ्या आवर्तनात तीव्र मध्यम चुकतात. तेही सांगितलं.

मग हनुवटी उचलली. आवाज गेला. बोटं चालूच होती.

"थांबलात?"

"नाही गं. रोज इथेच वाजवतो. तू समोर असतेस."

चारुलतेने कानाच्या डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवली आहे. मंगळवारी सकाळी. खोका तुला सहन होत नाही, आणि खोक्याशिवाय तुझ्यापर्यंत पोचत नाही, म्हणून जिचे कान असेच आहेत तिला विचारायला जात होतो, म्हणाले. तुला सांगायची हिंमत होत नव्हती.

बॅग अजून दारातच आहे. मी पुन्हा हनुवटी टेकवली. म्हटलं, पहिल्यापासून घ्या.